हॅलोकाकांचा प्रभावी रेझ्युमे

रविवारी सकाळी पावणेनऊ वाजता हॅलोकाकांनी वर्तमानपत्राच्या नवव्या पानाला कात्री लावली आणि घरात दिवसाचा पहिला तंटा झाला. कारण त्याच पानाच्या मागच्या बाजूला काकूंचं शब्दकोडं होतं आणि ते निम्मं सुटलं होतं.

"अहो, आडवे शब्द गेले ना सगळे!" काकू ओरडल्या.

"आडव्या शब्दांचं काय घेऊन बसलीस, इथे माझं आयुष्य उभं राहतंय," काका म्हणाले आणि त्यांनी कापलेला तुकडा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीला विक्री प्रतिनिधी हवे होते. वयाची अट नव्हती. माणसांशी बोलण्याची आवड हवी होती. इच्छुकांनी प्रभावी रेझ्युमे घेऊन येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता समक्ष भेटायचं होतं.

'वयाची अट नाही' हे काकांनी तीनदा वाचलं. जाहिरात देणाऱ्याने हे तीन शब्द आपला पंचेचाळिसावा वाढदिवस लक्षात ठेवूनच घातले आहेत, याबद्दल त्यांना काडीचीही शंका उरली नाही.

हॅलोकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ते अठरा वर्षं फोनवर बसत होते. तक्रार विभाग म्हणजे एक टेबल, एक फोन, एक पंखा आणि स्वतः काका. या नोकरीने त्यांच्या जिभेला असं काही वळण लावलं होतं की घरी दाराची बेल वाजली तरी ते दार उघडून "हॅलो, बोला, काय अडचण आहे?" असं म्हणायचे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस या प्रश्नावर आपला गुडघा, आपली सासू आणि आपली रखडलेली बढती असं सगळं सांगून, मीटर न बघताच समाधानाने परत गेला होता. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना हॅलोकाका म्हणायला लागली.

काकांना विक्रीत जायचं होतं आणि ही इच्छा आजची नव्हती. त्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. "विकणाऱ्याला माणूस भेटतो तेव्हा तो हसत असतो," ते म्हणायचे, "आणि मला भेटतो तेव्हा तो स्वतःच्याच घराबाहेर किल्लीवाचून उभा असतो. माणूस तोच, कुलूप तेच. फक्त मी चुकीच्या टोकाला बसलोय."

आता योग्य टोकाला जायची संधी आली होती, आणि मध्ये फक्त एक कागद होता.

रेझ्युमे लिहायला बसण्याआधी काकांनी टेबल पुसलं, पेनात नवी रिफिल घातली, चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा टेबल पुसलं. मग दीड तास खपून त्यांनी नाव, वय आणि शिक्षण लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'अनुभव: अठरा वर्षे तक्रारी ऐकणे.' आणि त्याखाली, 'छंद: शांतता.'

काकूंनी कागद वाचला. "हे वाचून नोकरी कुणी देणार नाही," त्या म्हणाल्या. "फार तर प्यायला पाणी देतील."

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने कानातली वायर काढून विचारलं, "बाबा, मी लिहून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं," काका म्हणाले. या एका वाक्यापायी त्यांचे पुढचे पाच दिवस गेले.

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांना सगळे हेडसर म्हणत. इमारतीत कुणीही काहीही लिहायला बसलं की हेडसरांना खाली शाईचा वास जायचा आणि ते लाल पेन घेऊन वर यायचे. त्या दिवशीही ते आले, काकांचा कागद दूर धरून वाचला आणि परीक्षेत गुण कापताना काढायचे तसा सुस्कारा काढला.

"यात माणूस कुठे आहे?" ते म्हणाले. "व्यक्तिमत्त्व कुठे आहे? विशेषणं कुठे आहेत?"

सोमवारी संध्याकाळपर्यंत रेझ्युमे चार पानी झाला. 'जन्म व बालपण', 'जडणघडण', 'स्वभावविशेष' आणि 'उपसंहार' असे त्याचे भाग पडले. काका त्यात मृदुभाषी, सहनशील, कर्तव्यतत्पर आणि एके ठिकाणी चक्क तेजस्वी होते. सातवीत कथाकथन स्पर्धेत त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, तेही सरांनी खणून काढलं.

"पण सर, स्पर्धकच चार होते," काका अवघडून म्हणाले. "पहिले तिघं वजा केले तर मीच उरत होतो."

"ते लिहायची गरज नाही. खोटं बोलायचं नाही हे खरं, पण सगळं खरं सांगा म्हणून तरी कुणी मागे लागलंय?"

काकांनी चारही पानं काकूंना उभ्याने वाचून दाखवली. वाचताना त्यांचा स्वतःचाच गळा दोनदा भरून आला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "छान झालंय. शेवटी फक्त 'त्यांच्या पश्चात पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे' एवढंच घालायचं राहिलंय."

काका त्या रात्री फारसे जेवले नाहीत.

मंगळवारी समोरच्या फ्लॅटमधला विमा एजंट कामावर निघता निघता दारातच भेटला. विक्री म्हणजे काय हे ज्याला खरोखर माहीत आहे, असा इमारतीत तो एकटाच. त्याने बूट न काढता, उंबरठ्यावर उभ्या उभ्याच चारही पानं चाळली.

"काका, हा रेझ्युमे नाही, ही श्रद्धांजली आहे," तो म्हणाला. "विक्रीवाल्याला विशेषणं नकोत. त्याला आकडे पाहिजेत आणि क्रियापदं पाहिजेत. मिळवलं, वाढवलं, गाठलं, मोडलं!"

"मोडलं?"

"उच्चांक मोडला, काका. तुमच्याकडे बघा, चार पानांत एकच क्रियापद आहे. 'ऐकलं'. कधी नुसतं ऐकलं, कधी शांतपणे ऐकलं. बरं, काकू दिसत नाहीत? तब्येत बरी आहे ना त्यांची? पन्नाशीच्या आत एक चांगली योजना निघालीये..."

पंचवीस मिनिटांनी एजंट गेला तेव्हा काकांनी काकूंच्या नावाने एका विमा अर्जावर तीन ठिकाणी सह्या केलेल्या होत्या आणि हे केव्हा घडलं ते त्यांना आठवत नव्हतं. पण त्यांना राग आला नाही. उलट ते हरखून गेले. "बघितलंस?" ते काकूंना म्हणाले. "याला म्हणतात विक्री! मला कळलंसुद्धा नाही!"

"मला कळलंय," काकू म्हणाल्या आणि अर्ज घेऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवायला गेल्या.

जाण्याआधी एजंटाने आणखी दोन सूचना करून ठेवल्या होत्या. एक, हसरा फोटो लावा. दोन, सध्याच्या कंपनीकडून अनुभवाचा दाखला आणा, त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. फोटोचं काम त्याच दिवशी झालं, म्हणजे चौदाव्या प्रयत्नात झालं. फोटोग्राफर "हसा" म्हणाला की काकांच्या चेहऱ्यावर, समोरचा चिडायच्या बेतात असताना येतो तसा समजूतदारपणा यायचा. शेवटी फोटोग्राफरच वैतागून हसला, त्याला बघून काका हसले आणि तेवढ्यात त्याने बटण दाबलं. फोटोत काका प्रसन्न दिसत होते, फक्त ते कॅमेऱ्याकडे न बघता कुणाच्या तरी फजितीकडे बघत होते.

दाखल्याचं मात्र एवढ्यावर भागलं नाही.

बुधवारी काका कचेरीत आस्थापना विभागात गेले. तिथे एक बाई बसत. अठरा वर्षांत त्यांना कुणी घाईत पाहिलं नव्हतं. त्यांनी दाखल्यासाठी दोन प्रतींत भरायचा अर्ज पुढे सरकवला. अर्जात एक रकाना होता, 'दाखला कशासाठी हवा आहे'. दुसरीकडे नोकरी शोधतोय असं लिहायची सोय नव्हती.

"घरी दाखवायला," काकांच्या तोंडून निघून गेलं.

आस्थापनाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अठरा वर्षं तुम्ही रोज कुठे जाता हे घरी माहीत नाही?"

काकांनी ते खोडून 'वैयक्तिक' असं लिहिलं. मग दुसरी अडचण आली. अर्जावर विभागप्रमुखाची शिफारस हवी होती. तक्रार विभागाचे प्रमुख काकाच होते, कारण तक्रार विभागात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी सरळ मनाने 'अर्जदारास मी अठरा वर्षे ओळखतो, तो विश्वासू आहे' असं लिहून खाली सही ठोकली.

"अर्जदार आणि शिफारस करणारा यांची सही सारखी दिसतेय," बाई म्हणाल्या.

"माणूस एकच आहे ना."

"माणूस एक असला तर चालतो. सही एक चालत नाही."

काकांनी जरा वेगळी सही करून पाहिली. तीही बाईंना मान्य झाली नाही, कारण ती आता कुणाचीच नव्हती. अखेर अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी तो नेहमीप्रमाणे न वाचता सही करून परत पाठवला. पण केबिनमधून बाहेर येईपर्यंत 'वैयक्तिक' हा शब्द चार जणांनी वाचला होता. आता कचेरीत वैयक्तिक कारण म्हणजे तीनच गोष्टी असू शकतात, आजार, घरातली भांडणं किंवा नोकरी सोडणं. काका तब्येतीने ठणठणीत होते आणि काकू त्यांना रोज न चुकता डबा देत होत्या. तेव्हा दुपारपर्यंत तिसऱ्या कारणावर एकमत झालं.

गुरुवारी सकाळपासून लोक काकांशी फार प्रेमाने वागायला लागले. हिशेबनीसाने पाठीवर हात ठेवला आणि दोनदा थोपटून निघून गेला. चहा आपणहून टेबलावर आला, तोही गरम. काकांना वाटलं, विक्रीच्या नुसत्या विचारानेच आपल्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी फरक पडलाय. ते मनोमन फार खूश झाले.

चार वाजता त्यांना मोठ्या खोलीत बोलावलं गेलं. तिथे ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या, समोर टेबलावर फुलं होती आणि साहेबांच्या हातात माईक होता. फळ्यावर खडूने 'निरोप समारंभ' असं लिहिलं होतं. कोण बरं निघालंय, असा विचार करत काका मागच्या रांगेत बसायला गेले, तर चौघांनी त्यांना धरून पुढे नेऊन बसवलं.

हा गैरसमज आहे हे तेव्हाच सांगायला हवं होतं. काकांनी तसं ठरवलंही होतं. पण साहेब बोलत होते, आणि समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही हा काकांचा अठरा वर्षांचा नेम होता. साहेब चाळीस मिनिटं बोलले. मग त्यांनी माईक काकांच्या हातात दिला.

आता एक लक्षात घ्या. या माणसाने अठरा वर्षं फक्त दुसऱ्यांचं ऐकलं होतं. आज आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात माईक आला होता आणि समोर ऐंशी माणसं चिडीचूप बसली होती. काकांनी "मित्रहो" म्हटलं आणि त्या शब्दाचा खोलीभर जो आवाज घुमला, तो ऐकून ते स्वतःच थरारले. मग त्यांना थांबवणं त्यांच्याही हातात राहिलं नाही. पहिला फोन, पहिली शिवी, पहिला पंखा बंद पडला तो उन्हाळा, सगळं त्यांनी सांगितलं. हिशेबनीस हमसून रडला. आस्थापनाबाईंनी चष्मा काढून पुसला. एवढा चांगला माणूस ही कंपनी सोडून चाललाय याचं शेवटी काकांनाही इतकं वाईट वाटलं की त्यांनी माईक खाली ठेवून रुमाल काढला. टाळ्यांचा कडकडाट झाला. काका डोळे पुसत खाली बसले, आणि बसल्यावर त्यांना आठवलं की आपण कुठेही चाललेलो नाही.

पण तोवर उशीर झाला होता. त्यांच्या हातात चाकांची एक मोठी प्रवासी बॅग देण्यात आली होती. खोलीबाहेर पडताना त्यांना दिसलं, आस्थापनाबाई टेप घेऊन त्यांचं टेबल मोजत होत्या. त्या जागी नवं झेरॉक्स मशीन यायचं होतं.

काका बॅग खडखडवत घरी पोचले. तिला भेट म्हणून कंपनीचंच कुलूप लावलेलं होतं आणि किल्ली आतल्या कप्प्यात राहिली होती. अशा वेळी जिथे फोन करायचा असतो, तिथे ते स्वतःच बसत.

"कुठे निघालात?" काकूंनी बॅगेकडे बघून विचारलं.

"निरोप झाला माझा."

"कुणी दिला?"

"सगळ्यांनी. फार छान झाला. मी बावीस मिनिटं बोललो."

काकू हळूच खुर्चीत बसल्या. मुलीचं कॉलेज अजून दोन वर्षं होतं आणि घरात कमावणारं माणूस एकच होतं. तेच आता बॅगेच्या मुठीला धरून समोर उभं होतं. "अहो, नुसतं 'मी जात नाहीये' एवढं म्हणायचं होतं!"

"मध्ये बोलायची सवय नाही मला," काका पडल्या आवाजात म्हणाले.

"मग उद्या जा आणि सांगा गैरसमज झाला म्हणून."

काकांच्या डोळ्यांपुढे ते ऐंशी चेहरे आले. रडलेला हिशेबनीस आला. "त्याला काय सांगू? रडणं परत घे म्हणून?" ते म्हणाले. "आता ती वजनकाट्याची नोकरी मिळालीच पाहिजे."

आणि गंमत म्हणजे हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच त्यांच्यात पुन्हा रविवार सकाळचा तो उत्साह उसळायला लागला. मागचं दार बंद झालं होतं. आता पुढचंच उघडायचं होतं, आणि दारांच्या बाबतीत काका अनुभवी होते.

लेक बॅगेचं कुलूप ओढून बघत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज कामावरून आलात की ती लाल डायरी लिहायचात ना? कशाला?"

"दिवसभराचं बोलणं डोक्यात भुणभुणत राहायचं. लिहून काढलं की बरं वाटायचं."

"सगळ्या आहेत अजून?"

सगळ्या होत्या. शुक्रवारी काकांनी रजा टाकली आणि सकाळीच माळ्यावरून अठरा डायऱ्या खाली आल्या. धुळीने तिघंही शिंकून बेजार झाली. लेकीने पहिली डायरी उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'एक आजी. किल्ली फिरत नाही. नातवाने आत च्युइंगम घातलेलं. तेल सांगितलं, उघडलं. मागच्या दारालाही असंच कुलूप द्या म्हणाल्या. पाठवलं.'" तिने पान उलटलं. "'गोदामवाले. सतरा मिनिटं शिव्या, मग रडले. चोरी नव्हती, भागीदाराने कुलूप बदललं होतं. बारा मोठी कुलपं मागितली.' हे काय, 'एक गृहस्थ बाथरूममध्ये अडकले. सुतार येईपर्यंत चाळीस मिनिटं गप्पा. सुटल्यावर दोन्ही शेजाऱ्यांना आपलंच कुलूप घ्यायला लावलं.'"

ती थांबली. "बाबा, अहो, ही विक्री आहे!"

"छे गं," काका म्हणाले. "विक्री विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे."

"ही माणसं भांडायला फोन करत होती आणि जाताना आणखी कुलपं घेऊन जात होती. याला दुसरं काय म्हणतात?"

काकांनी डायरी हातात घेतली. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. एखाद्याला अठरा वर्षांनी कळावं की आपण रोज ज्या खोलीत बसतो तिला समुद्राकडे उघडणारी खिडकी आहे, तसा त्यांचा चेहरा झाला. "मोजायला पाहिजे," ते पुटपुटले, आणि मग ओरडलेच, "मोजायला पाहिजे!"

त्या ओरडण्याने तळमजल्यावरून हेडसर आले आणि समोरून एजंट आला. पहिल्या नऊ डायऱ्या सरांनी घेतल्या, उरलेल्या एजंटाने. नोंदीत ग्राहकाने आणखी कुलूप घेतलेलं दिसलं की दोघांपैकी एकजण "घेतलं!" म्हणायचा आणि काकू वहीत एक काडी ओढायच्या. चहा दोनदा गार झाला. एका ठिकाणी सर मोजायचं सोडून बाथरूममधल्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते वाचत बसले, तेव्हा एजंटाने त्यांना पहिल्यांदाच आवाज चढवून दटावलं आणि सरांनी ते निमूट ऐकून घेतलं. चार वाजता काकूंनी काड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि आकडा सांगितला. एक हजार तीनशे बारा.

"पंधराशे लिहा," एजंट म्हणाला. "गोल दिसतं."

"मोजलेत तेवढेच लिहायचे," काकू म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला.

मग लेक कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिने खरंच अर्ध्या तासात रेझ्युमे लिहिला. एकच पान. वर नाव आणि फोन. त्याखाली ठळक अक्षरांत, 'कंपनीशी भांडायला फोन केलेल्या १,३१२ चिडलेल्या ग्राहकांना आणखी कुलपे विकली.' त्याखाली तीन छोटी उदाहरणं, आजी, गोदामवाले आणि बाथरूमवाले गृहस्थ, तीन ओळींत. सर्वांत खाली, 'पुरावा: अठरा डायऱ्या, मागितल्यास आणून दाखवीन.'

हेडसरांनी लाल पेन हातात धरून दोनदा वाचलं. रेघ मारायला जागा सापडेना. "निदान एक विशेषण तरी राहू द्या," ते केविलवाणे होऊन म्हणाले.

"आहे ना सर, 'चिडलेल्या'," लेक म्हणाली.

"ते ग्राहकाचं आहे," सर म्हणाले, पण त्यावर त्यांनी समाधान मानलं.

शनिवारी सकाळी साडेदहाला काका वजनकाट्यांच्या कंपनीच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. तिथे आणखी अकरा उमेदवार होते, सगळे तिशीच्या आतले, सगळ्यांच्या मांडीवर जाडजूड चकचकीत फायली. काकांच्या हातात एकच कागद होता आणि तो सुरकुतू नये म्हणून त्यांनी जेवणाचं ताट धरावं तसा दोन्ही हातांवर तोलून धरला होता. घरून निघताना सगळ्यांनी पढवून पाठवलं होतं. छाती काढून बोला. थांबू नका. प्रश्न संपायच्या आत उत्तर द्या.

काकांची पाळी दुपारी आली. आत विक्रीप्रमुख बाई बसल्या होत्या. सकाळपासून माणसं ऐकून त्यांचे डोळे दमलेले दिसत होते. त्यांनी कागद वाचला. मग खुर्चीत जरा सरळ होऊन पुन्हा वाचला.

"हा आकडा कुणी मोजला?"

"शेजाऱ्यांनी. काड्या बायकोने ओढल्या," काका म्हणाले. "डायऱ्या आणू का?"

"नको." त्यांनी कागद खाली ठेवला. "असं समजा, एखादा दुकानदार म्हणतो की मला तुमचा काटा नकोच. तुम्ही काय कराल?"

इथे छाती काढून बोलायचं होतं. काकांनी छाती काढलीही. पण तोंडातून भलतंच निघालं. "तो का नको म्हणतो, ते आधी विचारीन. तुम्हाला काय सांगतात ते?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू का? मला कुणी सांगतच नाही. माझी माणसं जातात, अर्धा तास आपलंच बोलतात आणि परत येतात." आणि मग त्यांचा बांध फुटला. दुकानदार म्हणतात जुना काटा बरा आहे, जुन्यात काय बरं आहे ते कुणी विचारत नाही. दवाखान्यांना लहान बाळांचा काटा हवाय हे त्यांना स्वतःला एका नर्सकडून योगायोगाने कळलं. वरचे म्हणतात विक्री वाढवा, खालचे म्हणतात जाहिरात वाढवा. काका "हं" म्हणत होते. "बरं" म्हणत होते. दोनदा "मग?" म्हणाले. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी नर्सचं म्हणणं तेवढं टिपून घेतलं. बाहेर उरलेले उमेदवार दाराकडे बघत राहिले. आत काय चाललंय ते कुणाला कळेना.

पस्तीस मिनिटांनी बाईंनी पाण्याचा ग्लास रिकामा केला. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. मग त्या दचकून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत!"

"तुमचं व्हायचं होतं ना अजून," काका म्हणाले.

बाई हसल्या. अगदी खळखळून हसल्या. "सोमवारी येता?"

काकांना उडी मारावीशी वाटली. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "पंधरा दिवस द्या. राजीनामा द्यायचाय."

"अजून दिला नाही?"

"नाही. निरोप तेवढा झालाय."

सोमवारी काका राजीनामा घेऊन कचेरीत गेले ते जवळजवळ नाचतच. पण आस्थापनाबाई अडून बसल्या. नियमाप्रमाणे आधी राजीनामा, मग निरोप. काकांच्या फायलीत निरोप आधी लागला होता. आता राजीनाम्याला कुठला पान क्रमांक द्यायचा, असा पेच होता. दीड तास विचार करून त्यांनी प्रकरण साहेबांकडे पाठवलं आणि सोबत काकांनाही पाठवलं. तोवर काकांनी त्यांना काड्या, डायऱ्या आणि ते एक पान, सगळं रंगवून सांगून टाकलं होतं, आणि बाईंनी ते फोनवरून साहेबांना कळवलं होतं.

साहेबांनी राजीनाम्यावर न वाचता सही केली. मग दबक्या आवाजात म्हणाले, "दार लावून घ्या. बसा."

अठरा वर्षांत काका या केबिनमध्ये पहिल्यांदाच बसले. साहेबांनी खालचा खण उघडला, आतून आठ पानांची एक चवड काढली आणि टेबलावरून हळूच पुढे सरकवली. वर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"कुणाला बोलू नका," साहेब म्हणाले. "सव्वीस वर्षं मी इथे सह्या करतोय. दुसरीकडे कुठे जावंसं वाटलं, तर यात लिहू काय?"

काकांनी आठही पानं उलटून पाहिली. विशेषणं पुष्कळ होती. "साहेब, कागद समोर आला की तुम्ही सर्वांत आधी काय करता?"

साहेबांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "शिक्का सरळ पडलाय का ते बघतो."

"आणि वाकडा असला तर?"

"तर परत पाठवतो. तेवढं मात्र मी कधी सोडलं नाही," साहेब जरा ताठ होऊन म्हणाले. "एकदा परदेशी जाणारी सगळी ऑर्डर थांबवली होती मी. शिक्क्याखालची तारीख चुकीची होती. माल वर्षभर बंदरात पडून राहिला असता."

"हे कुठे लिहिलंय यात?"

"ते काय लिहायचं?"

काकांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, त्यावर त्या थांबवलेल्या ऑर्डरची एकच ओळ लिहिली आणि तो साहेबांपुढे ठेवला. सवयीने साहेबांचा हात सहीसाठी पेनाकडे गेला. मग तो मध्येच थांबला. साहेबांनी चष्मा घातला, खुर्ची पुढे घेतली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते समोर आलेला कागद वाचायला लागले.